होडी छाप, नंबर एकशे तेरा

मापकाकांच्या घरात चारशे बारा ग्रामोफोन रेकॉर्डी होत्या आणि ग्रामोफोन नव्हता. हे ऐकून लोक पुन्हा एकदा विचारत, आणि मापकाका तितक्याच शांतपणे पुन्हा सांगत, की रेकॉर्ड वाजवायला ठेवली की मधल्या खिळ्यामुळे लेबलाला ओरखडे पडतात. लेबल म्हणजे रेकॉर्डीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. संग्रह होता तो त्या कागदांचा. कागदाभोवती जी काळी तबकडी येते आणि जिच्यात गाणंबिणं असतं, तिच्याशी मापकाकांचं काही वैर नव्हतं. पण तिकिटं जमवणारा माणूस पाकिटातली पत्रं वाचत बसतो का, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. या सवालाला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं, कारण सवाल ऐकेपर्यंत समोरचा माणूस जिन्याच्या दिशेनं निघालेला असे.

आता यात सगळा दोष त्यांचाच होता असं नाही. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती. दुकानात शिरायचं, तराजू उलटा करायचा, खालचा शिक्का बघायचा. शिक्का असेल तर वजन खरं. शिक्का नसेल तर वजन कितीही बरोबर असो, ते खोटं. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरातल्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी असल्याशिवाय आतली साखर मान्य करत नाही. इमारतीत सगळे त्यांना मापकाका म्हणत, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते आदरानं म्हणत.

लेबलांचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. अगदी सुरुवातीला लेबल नव्हतंच, सगळा मजकूर तबकडीवरच कोरलेला असे, आणि तो काळ मापकाका फारसा मनावर घेत नसत. मग कागद आला. मग कागदाला रंग आले: सर्वसाधारण गवयांना काळा, मोठ्यांना लाल, आणि ज्यांचा मिजासखोर म्हणून बोलबाला होता त्यांना आणखी वेगळा. मग कंपन्यांची चित्रं आली, कुणाचा मोर, कुणाची घंटा, कुणाची होडी. बायकोच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यातली चोवीस तिनं हे ऐकण्यात घालवली होती. राहिलेली दोन वर्षं कुठली, हे तिला नेमकं आठवे आणि ती ते अधूनमधून बोलूनही दाखवी.

तर अशा या घरात आणखी दोन माणसं होती. एक मापकाकांचे वडील, म्हणजे अण्णा, वय सत्त्याहत्तर. दुसरी अण्णांची थोरली बहीण, म्हणजे मापकाकांची आत्या, वय चौऱ्याऐंशी, मागच्या खोलीत राहायला येऊन तिला वीस वर्षं झाली होती. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम होतं आणि एका गोष्टीवरून कायमचं भांडण होतं. आत्याचं म्हणणं, आपण बाराव्या वर्षी ग्रामोफोन कंपनीसाठी एक गाणं गायलो आणि त्याची रेकॉर्ड निघाली. अण्णांचं म्हणणं, थाप. घरात पाहुणे आले, बोलण्यात गाणं निघालं, की आत्या तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणत, ‘झाली सुरू रेकॉर्ड.’ पाहुणे हसत. आत्याही हसे, पण मग उठून मागच्या खोलीत जाई. लहानपणापासून मापकाका हे बघत आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही कौल वडिलांच्या बाजूनंच होता. पुरावा म्हणून आत्याकडे एक चिठोरंही नव्हतं.

मग एक दिवस कानाच्या डॉक्टरांनी अण्णांना तपासलं. उजवा कान गेल्यातच जमा होता. डावा आणखी दोनेक महिने साथ देईल, म्हणाले. पुढे यंत्र लावून आवाज येतील, पण कुणाचा आवाज आणि काय बोलतोय हे काही उमगणार नाही. अण्णांनी ही बातमी धीरानं घेतली, कारण ती त्यांना अर्धीच ऐकू आली होती. आत्यानं मात्र पूर्ण ऐकली. त्याच दुपारी ती मापकाकांच्या कपाटासमोर येऊन उभी राहिली. या कपाटासमोर आपणहून कुणी येण्याची मापकाकांना सवय नव्हती, त्यामुळे ते गोंधळून उभेच राहिले.

‘माझी रेकॉर्ड शोधून दे,’ आत्या म्हणाली. ‘त्याचे कान आहेत तोवर त्याला ऐकवायची आहे. एकदा त्याच्या तोंडून ऐकू दे, की ताई खोटं बोलत नव्हती. मग खुशाल बहिरा होऊ दे.’

मापकाकांनी तिला खुर्ची दिली आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे जबाब लिहून घेतला. गाणं शिकवणारे मास्तर तिला एका लॉजच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेले. खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं होतं. पलीकडे मेणाची तबकडी फिरत होती. गाणं झाल्यावर कंपनीच्या माणसानं मेणाच्या आतल्या काठावर सुईनं आकडा कोरला, एकशे तेरा. तो लक्षात राहिला कारण तोच त्यांच्या घराचा नंबर होता. लेबल हिरवं असेल आणि त्यावर होडी असेल असं त्यानं सांगितलं, आणि संध्याकाळी सामान बांधून तो निघूनही गेला. रेकॉर्ड घरी कधीच आली नाही. मास्तर पुढे दुसऱ्या गावी गेले. आईनं थोबाडीत दिली ती गायल्याबद्दल नव्हे, खोटं बोलल्याबद्दल.

हिरवी होडी म्हटल्यावर मापकाकांच्या अंगावर काटा आला. होडी छाप कंपनी जेमतेम चौदा महिने चालली आणि मग तिनं गाशा गुंडाळला. तिची पाच लेबलं त्यांच्याकडे होती आणि छापील यादीही होती. त्यांनी तत्काळ यादी काढली. एकशे तेरा नंबरसमोर स्पष्ट छापलेलं होतं: एका प्रोफेसरांचं विनोदी भाषण, शिट्टीसह. मापकाकांनी ते आत्याला वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, ‘मी यादी नाही मागितली, रेकॉर्ड मागितली.’

जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याला निरोप दिला. हा मनुष्य मापकाकांना बारा वर्षं ओळखत होता आणि रेकॉर्डीची काळी बाजू न बघता विकत घेणारं हेच एक गिऱ्हाईक म्हणून त्यांची कीव करत होता. तीन आठवड्यांनी त्यानं होडी छाप आणून दिली. या तीन आठवड्यांत अण्णांना दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली होती. मापकाकांनी घरी येऊन रेकॉर्ड टेबलावर ठेवली, आणि सगळे जमले. लेबल हिरवं, होडी जागच्या जागी, नंबर एकशे तेरा, आणि नाव प्रोफेसरांचं.

‘लेबल काय म्हणतंय?’ अण्णांनी कोचावरून विचारलं.

‘विनोदी भाषण,’ मापकाका त्यांच्या डाव्या कानाशी ओरडले.

‘बरोबर आहे,’ अण्णा म्हणाले. ‘तेच मी सत्तर वर्षं ऐकतोय.’

आत्यानं तबकडीच्या आतल्या काठावर बोट टेकवलं. तिथे वेड्यावाकड्या अक्षरांत एकशे तेरा कोरलेलं होतं. हा आकडा माझ्यासमोर कोरला, ती म्हणाली, आणि कागद नंतर कुणीतरी कुठंतरी चिकटवला. मग कागदाचं खरं का मानायचं? मापकाकांना कुणी तोंडावर असं कधी बोललं नव्हतं. तीस वर्षांची नोकरी आणि चोवीस वर्षांचा संग्रह एका वाक्यात निकालात निघत होता.

बायकोनं स्वयंपाकघरातून सुचवलं, ‘अहो, वाजवून बघा ना एकदा.’ एवढी सरळ गोष्ट या घरात कुणी बोलत नसे. मापकाकांनी तिला ओरखड्यांबद्दल सांगितलं. तिनं नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं, तेव्हा मापकाकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. लेबलाची कड जरा जाड होती. भिंग लावलं. एका गोल कागदाखाली दुसऱ्या गोल कागदाची कड होती, केसभर बाहेर डोकावणारी. लेबलावर लेबल! त्यांच्याकडच्या कुठल्याही पुस्तकात असं काही नव्हतं. आतल्या लेबलावर आत्याचं नाव असेल तर आत्या खरी. पण मग बाहेरचं लेबल खोटं. आणि छापलेलं लेबल खोटं असू शकतं असं एकदा मानलं, तर कपाटातली उरलेली चारशे बारा काय म्हणतील? मापकाका चहा घ्यायचा विसरले.

अशा प्रसंगी माणसानं कुणाला विचारू नये, आणि मापकाकांनी तिघांना विचारलं. तळमजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले, तिकीट सुटतं तसं लेबल सुटणार, किटलीची वाफ द्या. समोरच्या इस्त्रीवाल्याचं मत वाफ ओली पडते असं होतं, त्यानं फडकं टाकून कोमट इस्त्री सुचवली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मत न देताच हत्यारं घेऊन आले. दहा मिनिटांत मापकाकांच्या स्वयंपाकघरात सभा भरली. पोस्टमास्तरांनी किटली ठेवली, इस्त्रीवाल्यानं नाराजीनं नाक मुरडलं, डॉक्टरांनी सवयीनं रेकॉर्डीला ‘दुखलं तर सांगा’ म्हटलं. बायको पिशवी घेऊन बाजारात निघून गेली. तिच्या मते एवढ्या विद्वानांत एका स्वयंपाकघराचा निभाव लागणं कठीण होतं.

वरचं लेबल सुटलं. डॉक्टरांनी चिमट्यानं अलगद उचलून ते टिपकागदावर ठेवलं आणि सगळे पुढे वाकले. आत हिरवी होडी, नंबर एकशे तेरा, आणि एकल व्हायोलिन. व्हायोलिन कुणाचं, तेही लिहिलं होतं. ते आत्याचं नव्हतं.

पोस्टमास्तर म्हणाले, थांबा, याचीही कड जाड दिसते. पुन्हा किटली. दुसरं लेबल सुटलं. त्याखाली तिसरं, हिरवी होडी, नंबर एकशे तेरा, आणि कुठल्याशा पलटणीचा बँड. पुन्हा किटली. तिसऱ्याखाली मात्र काही नव्हतं, नुसता खळीचा डाग. टिपकागदावर तीन लेबलं ओळीनं वाळत पडली होती, तिन्ही खरीखुरी छापील, तिन्हींचा नंबर एकच, आणि तिन्हींत आत्याचं नाव नव्हतं. एका माणसाचे तीन जन्मदाखले हातात यावेत आणि माणूसच सापडू नये, अशी मापकाकांची स्थिती झाली.

आणि मग इस्त्रीवाला म्हणाला, ‘काका, ही अशी का झाली?’

लेबलांच्या नादात रेकॉर्डीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तीन वेळा वाफ खाऊन तिनं कडा वर केल्या होत्या. होडी छाप कंपनीची रेकॉर्ड आता चांगली खोलगट दिसत होती, तीत रस्सा वाढता आला असता. इस्त्री केली असती तर सपाट राहिली असती, असं इस्त्रीवाल्यानं तीनदा सांगितलं. आत्या दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, ‘बारा वर्षांची असताना एकदा मेणाची बघितली होती. आता ही.’ आणि मागच्या खोलीत गेली. चोवीस वर्षांत रेकॉर्डीच्या काळ्या भागाबद्दल मापकाकांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

तीच पोस्टमास्तरांची सभा पुन्हा भरली आणि एकमतानं ठरलं, की रेकॉर्ड दोन काचांमध्ये घालून उन्हात ठेवायची आणि वर सपाट, भरभक्कम वजन ठेवायचं. घरातलं एकही वजन मापकाकांना पुरेसं भरवशाचं वाटेना. म्हणून त्यांनी ते केलं जे नोकरीत कधी केलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातलं वीस किलोचं पितळी प्रमाण वजन, ज्याच्यावरून गावातली सगळी वजनं तपासतात, ते त्यांनी पिशवीत घालून घरी आणलं. सोमवारी सकाळी परत नेऊन ठेवलं की कोण विचारतो, असा हिशेब होता. विचारणारे शनिवारीच आले. मुख्य कार्यालयाचं तपासणी पथक वर्षातून एकदा येतं, ते त्या दिवशी आलं आणि वजनाचा माग काढत थेट मापकाकांच्या बाल्कनीत पोचलं.

सोमवारी मापकाकांच्या टेबलावर नोटीस होती: प्रमाण वजन खासगी बाल्कनीत का आढळले, याचा खुलासा करावा. मापकाकांनी चार पानी खुलासा लिहिला. पहिली दोन पानं लेबलांच्या इतिहासाची होती, कारण त्याशिवाय मुद्दा समजला नसता. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, ‘म्हणजे चोरी झाली ती वजनाची, की लेबलाची?’ मापकाका म्हणाले, आत्याची. साहेबांनी त्यांना समज दिली आणि घरी जाऊन झोप घ्या, असंही सांगितलं. वजन न्यायला ऑफिसचा शिपाई आला, तेव्हा जिन्यात दोन्ही बाजूंनी दारं उघडी होती. ज्यांच्या तराजूंवर मापकाकांनी आयुष्यभर ताशेरे ओढले होते, त्यातला कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा मुद्दाम बघायला आला होता. त्यानं नमस्कार केला, तो फार आदबशीर नमस्कार होता आणि मापकाकांना तो आठवडाभर सलत राहिला.

रेकॉर्ड मात्र जवळजवळ सपाट झाली. कडेला एक लाट राहिली, तेवढीच.

आता ती वाजवायची होती, आणि कुठल्या ओरखड्याची भीती उरली नव्हती, कारण लेबलच उरलं नव्हतं. गावात जुनं यंत्र एकच, शहराच्या संग्रहालयातल्या ध्वनिविभागात. तिथला कारकून चष्मा दोरीला बांधून छातीवर सोडणाऱ्यांपैकी होता. त्यानं अर्ज दिला, तीन प्रती. चौथा रकाना: कलाकाराचे नाव. पाचवा: लेबल. मापकाका म्हणाले, नाव माहीत नाही, तेच कळण्यासाठी वाजवायची आहे. कारकून म्हणाला, नाव कळल्याशिवाय वाजवता येत नाही. लेबल? लेबल सुटलं, म्हणजे सोडवलं, म्हणजे तीन होती. कारकुनानं चष्मा डोळ्यांवर चढवला, नियमांचं पुस्तक उघडलं आणि सांगितलं, की लेबल नसेल तर ही नियमानुसार रेकॉर्ड नाही, वर्तुळाकार वस्तू आहे. वर्तुळाकार वस्तू तळमजल्यावर, नाणी आणि ताटं यांच्या विभागात. मापकाका तळमजल्यावर गेले. तिथल्या बाईंनी वस्तूवर रेघा आहेत असं बघून परत वर पाठवलं.

असे तीन दिवस गेले. घरी अण्णा आता प्रत्येक वाक्याला ‘काय?’ म्हणू लागले होते, आणि आत्यानं विचारणं सोडून दिलं होतं. ती सकाळी तयार होऊन, बाहेरच्या चपला पायात घालून खोलीत बसून राही, बोलावणं आलंच तर उशीर नको म्हणून. आपण हिला लहानपणापासून हसत आलो, हे त्यांना आता आठवायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी कारकुनानं तोडगा काढला. बिनलेबलाच्या रेकॉर्डीला लेबलतज्ज्ञाचा दाखला चालतो. मान्य तज्ज्ञांची यादी आहे. त्यानं यादी काढली. यादीत एकच नाव होतं, आणि ते मापकाकांचं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ते मोठ्या हौसेनं पाठवलं होतं.

‘मग काय,’ कारकून म्हणाला, ‘लिहा की तुम्हीच. प्रोफेसर लिहा नाहीतर बँड लिहा. माझ्या रकान्यात काहीतरी बसलं म्हणजे झालं.’

मापकाकांनी पेन उघडलं. प्रोफेसर लिहिलं असतं तर खोटं ठरलं नसतं, छापील पुरावा होता. बँड लिहिला असता तरी होता. आत्याचं नाव लिहावं तर पुरावा काहीच नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं: लेबलावरून काही सांगता येत नाही. ऐकणे आवश्यक. खाली सही केली, आणि सही करताना त्यांना वाटलं, आता आपल्याला या यादीतून काढतील. कारकुनानं शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी अकराची वेळ दिली.

अण्णांना सांगितलं ते कानाच्या तपासणीला जायचं म्हणून. ध्वनिविभाग म्हटल्यावर त्यांनाही ते पटलं. एका छोट्या खोलीत यंत्र होतं, भोवती चार खुर्च्या, आणि यंत्र चालवणाऱ्या एक शांत बाई. त्यांनी अण्णांच्या डाव्या कानाला हेडफोन लावला, आवाज पूर्ण चढवला आणि इतरांसाठी कर्णा सुरू ठेवला. रेकॉर्ड फिरू लागली. कडेची लाट आली की सुई वर जाई आणि पुन्हा खाली येई, लाटांवर तरंगणाऱ्या बदकासारखी. आधी नुसती खरखर. मग त्यातून एका मुलीचा आवाज आला.

ना प्रोफेसर, ना व्हायोलिन, ना बँड. बारीक, घाबरलेला, पण अगदी सरळ आवाज होता, भरलेली जड घागर दोन्ही हातांनी उचलून न सांडता नेणाऱ्या पोरीसारखा. साधंच गाणं होतं. मापकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा एका रेकॉर्डीचा काळा भाग ऐकला आणि आपण इतकी वर्षं काय कपाटात बंद करून ठेवलं होतं, हे कळून ते घाबरेघुबरे झाले. आत्या मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

गाणं संपलं. अण्णांनी हेडफोनवरचा हात काढला. ‘मुलगी आहे कुणीतरी,’ ते मोठ्यांदा म्हणाले. ‘कुठलीही असेल. त्यात काय सिद्ध होतं?’

वडिलांचं म्हणणं नियमाला धरून होतं. आत्यानं मान खाली घातली.

‘अजून आहे,’ यंत्राच्या बाई म्हणाल्या. ‘सुई उचलायची नाही. त्या काळी रेकॉर्डी समुद्रापलीकडच्या कारखान्यात ठसवायचे. तिथल्या माणसांना आपली भाषा कळायची नाही. कुठल्या तबकडीला कुठलं लेबल लावायचं ते समजावं म्हणून गाणारा शेवटी स्वतःचं नाव सांगायचा. तुम्हाला माहीतच असेल.’

मापकाकांना माहीत होतं. त्यांच्या वहीत नवव्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं होतं. पण शेवटी सांगितलेली गोष्ट ऐकावी लागते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. अण्णांनी हेडफोन पुन्हा कानावर दाबला. खरखरीतून मुलीनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं. ‘माझं नाव...’ ती म्हणाली, आणि पुढचं नाव आलंच नाही. त्याच्यावर, अगदी कर्ण्याजवळून, एका लहान मुलाचा रडवेला आवाज आला. ‘ताई, माझी चड्डी ओली झाली. घरी चल.’ कुणीतरी दटावलं, काहीतरी पडलं, आणि रेकॉर्ड संपली.

बाईंनी विचारलं, पुन्हा लावू का? अण्णांनी मान हलवली. त्यांनी तो शेवट तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘हा कोण?’

‘मी काही सांगितलेलं नाही हं,’ आत्या म्हणाली. ‘रेकॉर्ड बोलली.’ मग तिच्या लक्षात आलं की त्याला ऐकू आलेलं नाही. ती उठून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. ‘तू. आई घरी नव्हती, तुला एकट्याला कुठं ठेवणार? कोपऱ्यात बसवलं होतं. त्या माणसाकडे मेण एवढं एकच उरलं होतं, म्हणून तसंच पाठवलं त्यानं.’

‘मग सांगितलं का नाहीस? मी तुला चारचौघांत खोटारडी म्हणत होतो. तेव्हा तरी म्हणायचं होतं, की तूच होतास बरोबर.’

‘तूच शपथ घातली होतीस. चड्डीचं कुणाला सांगितलंस तर मी मरेन, म्हणालास. रस्ताभर रडत होतास. तू पाच वर्षांचा, मी बारा. मला वाटलं, खरंच मेलास तर?’

‘आणि मोठेपणी?’

‘मोठेपणी सवय झाली,’ आत्या म्हणाली.

मापकाकांना सगळा घोळ एकाएकी उमगला. समुद्रापलीकडे कुणीतरी ही तबकडी लावून शेवटी कान देऊन बसलं असणार. नावाच्या जागी ही काय भानगड ऐकू येते, ते त्याला कळलं नसणार. मग एकानं उरलेल्या गठ्ठ्यातला बँड लावला, दुसऱ्याला ते पटलं नाही, त्यानं व्हायोलिन लावलं, आणि तिसऱ्यानं वैतागून प्रोफेसर. तिघांनी आपापल्या परीनं प्रामाणिक काम केलं होतं. आत्याचं लेबल कुठल्यातरी पेटीत तसंच राहून गेलं असेल. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण दोन म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून बसली होती, म्हणून ते पहिल्यांदाच इतिहास न सांगता गप्प राहिले.

बाहेर पडताना कारकुनानं अडवलं. ऐकून झालं असेल तर चौथा रकाना भरा. अण्णा पुढे झाले. हल्ली स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे ते गच्चीवरून हाक मारावी तसे बोलत, आणि शेजारच्या वाचनालयात वीसएक माणसं मान खाली घालून वाचत होती. अण्णांनी आत्याचं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर सुटं करून, आणि कारकून बरोबर लिहितो आहे ना, ते वाकून बघितलं.

‘पण आधार काय?’ कारकून म्हणाला. त्यानं प्रश्न कागदावर लिहून दाखवला. ‘लेबल तर नाही.’

मापकाका खाली बघू लागले. आत्या अण्णांची बाही ओढत होती, राहू दे, राहू दे म्हणत होती. अण्णांनी तिचा हात सोडवला.

‘ही माझी थोरली बहीण आहे,’ ते म्हणाले, आणि वाचनालयातल्या सगळ्या माना वर झाल्या. ‘हे गाणं हिनं गायलंय. मी तिथंच होतो. माझी चड्डी ओली झाली होती.’

कारकुनानं शेऱ्याच्या रकान्यात ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली सही करायला सांगितली. अण्णांनी सही केली.